पायाच्या नखांची बुरशी : निदान, उपचार आणि घरची काळजी

पायाच्या अंगठ्याचे नख पिवळसर पडते, हळूहळू जाड होते, कडेला ठिसूळ होऊन तुटते आणि त्याखाली पांढरट भुसा साचू लागतो, तेव्हा ती बुरशी असण्याची शक्यता असते. दुखत नसल्यामुळे अनेकजण वर्षानुवर्षे तिकडे लक्ष देत नाहीत आणि नख नेलकटरमध्ये मावेनासे झाले किंवा बुटात टोचू लागले, की औषधाच्या दुकानातून मिळेल ती ट्यूब आणून लावतात. या आजारात उपचार चुकण्याची सुरुवात बहुधा इथेच होते.

असे बिघडलेले प्रत्येक नख बुरशीचेच असते असे नाही. डॉक्टरांकडे येणाऱ्या अशा नखांपैकी साधारण निम्म्याच नखांत बुरशी सापडते. बाकीच्यांचे कारण सोरायसिस, लायकेन प्लॅनस यांसारखे त्वचाविकार किंवा घट्ट बुटांचा वर्षानुवर्षांचा मार हे असते, आणि त्यांवर बुरशीच्या औषधाचा काहीही उपयोग होत नाही. म्हणून त्वचारोगतज्ज्ञांकडून नखाचा तुकडा आणि नखाखालचा भुसा तपासून घ्यावा. केओएच तपासणीत तो भुसा रसायनात विरघळवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि तिचा निकाल लवकर मिळतो. कल्चरला, म्हणजे प्रयोगशाळेत नमुन्यातली बुरशी वाढवून पाहण्याच्या तपासणीला, मात्र तीन-चार आठवडे लागू शकतात. नमुना देण्यापूर्वी काही दिवस बुरशीचे कोणतेही मलम लावू नये, नाहीतर बुरशी असूनही अहवाल कोरा येऊ शकतो. आधी औषध चालू असेल तर ते किती दिवस थांबवायचे हे डॉक्टरांना विचारावे. नखात काळी किंवा तपकिरी उभी रेघ नव्याने उमटून रुंद होत असेल, किंवा काळेपणा नखाच्या मुळाशी असलेल्या कातडीवर उतरला असेल, तर ते क्वचित कर्करोगाचेही लक्षण असते, त्यामुळे अजिबात वाट पाहू नये.

बहुतेक वेळा हा संसर्ग ट्रायकोफायटॉन रुब्रम नावाच्या बुरशीमुळे होतो. केराटिन या नखा-कातडीतल्या द्रव्यावर ती जगते आणि बहुधा बोटांच्या बेचक्यांतून नखापर्यंत पोहोचते. पावसाळ्यात ओले बूट-मोजे दिवसभर घालून लोकलने प्रवास करणाऱ्यांच्या आणि भातलावणीला तासन्‌तास चिखलात उभे राहणाऱ्यांच्या पायांना ज्या चिखल्या होतात, त्यांतही अनेकदा याच जातीची बुरशी असते. चिखल्या बऱ्या न करता फक्त नखावर उपचार केले, तर नख पुन्हा बिघडण्याची पुरेपूर शक्यता राहते.

उपचार ठरवताना नखाची वाढ किती सावकाश होते हे आधी समजून घ्यावे. पायाचे नख महिन्याला साधारण एक ते दीड मिलिमीटर वाढते, त्यामुळे अंगठ्याचे संपूर्ण नख नवे यायला बारा ते अठरा महिने लागतात. बिघडलेला भाग औषधाने पुन्हा पारदर्शक होत नाही. मुळातून निरोगी नख येत राहते आणि जुने पुढे सरकत कापले जाते. डॉक्टरांना विचारून चांगल्या आणि बिघडलेल्या भागाच्या सीमेवर नेल फाइलने हलकी आडवी खूण करून ठेवावी आणि दर महिन्याला पायाचा फोटो काढावा. खूण पुढे सरकली आणि तिच्यामागचे नख स्वच्छ असले, तर उपचार लागू पडत आहे असे समजावे. पिवळेपणा खूण ओलांडून मुळाकडे चालला असेल, तर पुन्हा दाखवावे. माझ्या मते ही खूण फार मोलाची आहे, कारण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात ‘काहीच फरक नाही’ म्हणून औषध सोडणाऱ्यांची संख्या मोठी आहे.

बुरशी नखाच्या टोकाकडच्या भागातच असेल आणि एक-दोन नखांपुरती मर्यादित असेल, तर लॅकर, म्हणजे नेलपॉलिशसारखे नखावर लावायचे औषध, पुरेसा ठरू शकतो. अमोरोल्फिन ५ टक्के लॅकर आठवड्यातून एक-दोनदा, तर सायक्लोपिरॉक्स ८ टक्के रोज लावतात, आणि दोन्ही उपचार साधारण वर्षभर चालतात. अमोरोल्फिन लावण्यापूर्वी नखाचा वरचा थर घासावा, स्पिरिटच्या बोळ्याने पुसावा, पातळ थर लावून तो पूर्ण वाळू द्यावा. आजारी नखावर वापरलेली फाइल निरोगी नखांना लावू नये. लॅकरने काम भागत नसेल, तर टर्बिनाफिन २५० मिलिग्रॅमची रोज एक गोळी साधारण १२ आठवडे दिली जाते. इट्राकोनाझोल हा दुसरा पर्याय आहे. मात्र हृदय कमजोर असणाऱ्यांना ते सहसा देत नाहीत आणि कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांबरोबर ते चालत नाही, म्हणून चालू असलेल्या सर्व औषधांची यादी डॉक्टरांपुढे ठेवावी. गोळ्या सुरू होण्यापूर्वी यकृताची रक्ततपासणी करून घ्यावी, आणि डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली किंवा जेवणाची चव गेली, तर गोळी थांबवून त्वरित डॉक्टरांना कळवावे. गरोदर स्त्रियांनी तोंडाने घ्यायची ही औषधे बाळंतपणापर्यंत पुढे ढकलणे इष्ट.

एका गोष्टीबद्दल मला विशेष तळमळ वाटते. नायटा किंवा चिखल्यांवर म्हणून ज्या मिश्र ट्यूब सर्रास विकल्या जातात, त्यांत बुरशीच्या औषधाबरोबर क्लोबेटासोलसारखे जालीम स्टिरॉइड असते. त्यामुळे खाज दोन दिवसांत थांबते, पण बुरशी आतून पसरत राहते. नेहमीच्या औषधांना दाद न देणारा नायटा आज भारतात इतका दिसतो, त्याला या ट्यूबचा गैरवापर कारणीभूत असल्याचे त्वचारोगतज्ज्ञ सांगतात. ट्यूबवरची घटकांची यादी वाचल्याशिवाय ती लावू नये. लसूण ठेचून बांधणे किंवा आम्ल चोळणे यांनी कातडी भाजते, नखातली बुरशी जात नाही.

घरात सर्वांत दुर्लक्षित असते ते न्हाणीबाहेरचे पायपुसणे. त्यावर सगळ्यांचे ओले पाय पडतात, म्हणून ते वरचेवर गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवावे आणि ज्याला बुरशी आहे त्याचा टॉवेल व नेलकटर वेगळा ठेवावा. आंघोळीनंतर बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसाव्यात, मोजे रोज धुतलेले घालावेत आणि शक्य असल्यास बुटांचे दोन जोड आलटूनपालटून वापरून प्रत्येक जोडाला वाळायला पूर्ण दिवस द्यावा. सार्वजनिक तरणतलाव किंवा वसतिगृहाच्या न्हाणीघरात चप्पल घालूनच वावरावे. मधुमेह असणाऱ्यांनी नख स्वतः कोरू नये. पायाची जाणीव कमी झाल्यास बारीक जखमही कळत नाही आणि तिच्यातून पाय सुजून जंतुसंसर्ग वर चढू शकतो.

नख पूर्ण स्वच्छ झाल्यावरही बुरशी परतण्याचे प्रमाण मोठे असते. उपचार संपताना जुने बूट बदलावेत किंवा आत बुरशीनाशक पावडर टाकून ते उन्हात ठेवावेत. बेचक्यांत पांढरट कातडी किंवा खाज दिसताच क्लोट्रिमाझोल १ टक्के क्रीम दिवसातून दोनदा लावावे आणि कातडी बरी दिसू लागल्यानंतरही दोन आठवडे ते चालू ठेवावे.