तुंबईच्या बातमीत क्लायमेट चेंज कसा शोधायचा

दर पावसाळ्यात एक सकाळ अशी येतेच की पेपर उघडला की पहिल्या पानावर दादरचं हिंदमाता, गुडघाभर पाणी, त्यातून बाइक ढकलणारा कोणीतरी आणि वर हेडिंग ‘मुंबईची तुंबई’. आमचे बाबा ते मोठ्याने वाचतात आणि चहाचा कप ठेवत म्हणतात, बघ, हे तुमचं क्लायमेट चेंज. असेलही हो बाबा, पण या फोटोवरून ते कळत नाही.

तर आधी फोटो सोडा, आकडा शोधा. आकडा सापडला की तो हवामान खात्याच्या कुलाबा केंद्राचा की सांताक्रूझ केंद्राचा ते बघा, कारण नुसतं ‘मुंबईत इतका पाऊस’ याला काही अर्थ नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिमी पडला आणि कुलाब्याला 75 च्याही आत, एकच शहर बरं का. आणि हवामान खात्याचा दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ असतो, त्यामुळे ‘काल 200 मिमी’ मधला अर्धा पाऊस परवा रात्रीचाही असू शकतो.

मग विशेषणं. मुसळधार, धुवाँधार, वरुणराजा कोपला वगैरे सगळं पेनाने खोडून टाका आणि मिमी बघा, खात्याच्या हिशोबात दिवसाला 64.5 च्या पुढे जोरदार, 115.6 पासून अति जोरदार आणि 204.5 पासून अत्यंत जोरदार. ‘ढगफुटीसदृश’ हा तर माझा लाडका शब्द. ढगफुटी म्हणजे छोट्याशा भागात तासाभरात साधारण 100 मिमी, आणि तासाचा आकडा हातात नसला की बातमीत ‘सदृश’ येतो असा माझा अंदाज आहे.

‘रेकॉर्ड मोडला’ दिसलं की विचारा कुठला, कुठल्या केंद्राचा, कधीपासूनच्या नोंदींतला. 2025 ला मान्सून 26 मे लाच मुंबईत आला, नेहमीची तारीख 11 जून, म्हणजे 16 दिवस आधी. बातमी मोठीच होती, पण एका वर्षाची तारीख म्हणजे हवामान, हवामान बदल नाही, त्याला तीस तीस वर्षांच्या नोंदी लागतात. त्या देणारी बातमी असेल तर दोनदा वाचा.

आता खरी गोम. पाऊस पडणं वेगळं आणि पाणी तुंबणं वेगळं. हवा 1 अंशाने तापली की ती साधारण 7 टक्के जास्त बाष्प धरू शकते, म्हणून कमी वेळात जास्त ओतण्याची शक्यता वाढते, हे झालं विज्ञान. पण पाणी उतरलं का नाही याचं उत्तर नालेसफाई, भरतीची वेळ, मिठी नदीच्या काठावरचं बांधकाम यात असतं. म्हणून बातमीत ‘क्लायमेट चेंजमुळे’ हे वाक्य कोणाच्या तोंडी आहे ते बघाच. शास्त्रज्ञाच्या असेल तर पुढे वाचा, पण त्याच रात्री एखाद्या नेत्याच्या किंवा अधिकाऱ्याच्या असेल तर समजा की नाल्यातल्या गाळाचा प्रश्न कोणी विचारू नये अशी सोय चाललीय. एखाद्या पावसामागे तापमानवाढीचा हात किती हे आता मोजता येतं, पण त्याला दिवस, आठवडे लागतात, पाणी ओसरायच्या आत होत नाही ते. त्या मोजणीची बातमी येते तेव्हा ती सहाव्या पानावर दोन कॉलमात असते, तीच शोधायची.

आणि फेब्रुवारीत पालिकेच्या बजेटचं पान सोडू नका. मार्च 2022 ला मुंबईचा क्लायमेट ॲक्शन प्लॅन आला, 2050 पर्यंत नेट झिरो (म्हणजे जितका कार्बन सोडू तितकाच शोषला जाईल) म्हणून, त्याच्यासाठी पैसे किती ठेवले ते त्या कंटाळवाण्या तक्त्यात असतं, फोटो नसतो म्हणून कोणी बघत नाही. मी त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवतो, कारण पेपर दुसऱ्या दिवशी बाबांनी कपाटाच्या फळीवर अंथरलेला असतो.