कॅन्सरचं ऑपरेशन ठरलं? रक्ताची तयारी तीन-चार आठवडे आधी

तारीख मिळाली की घरचे आधी रक्तदाते शोधतात. कोल्हापुरात तालमीची पोरं एका फोनवर येतात, ती अडचण नाही. आधी हिमोग्लोबिन बघा.

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये ऑपरेशनच्या सुमारास रक्त चढवलेल्यांत जंतुसंसर्ग आणि आजार उलटण्याचं प्रमाण जास्त आढळतं. दात्याच्या रक्ताने रुग्णाची प्रतिकारशक्ती दबते, असं एक कारण मानतात. पण ज्यांना रक्त लागतं त्यांची गाठही बऱ्याचदा मोठी आणि ऑपरेशनही लांबलेलं असतं. सगळं खापर पिशवीवर फोडता येत नाही. टाळता येईल ती पिशवी टाळायची, लागेल ती नाकारायची नाही.

हिमोग्लोबिन १३ च्या खाली असेल तर फेरिटिनसोबत (शरीरातला लोहाचा साठा) ट्रान्सफेरिन सॅच्युरेशनही (रक्तात वाहून नेलं जाणारं लोह) तपासून घ्या. कॅन्सरमध्ये सुजेमुळे फेरिटिन उगाच भरलेलं दिसतं. सॅच्युरेशन २० टक्क्यांच्या खाली असेल तर लोह कमीच. गोळी एक दिवसाआड, उपाशीपोटी, लिंबूपाण्याबरोबर. चहा दोन तास लांब. शौच काळी होते, घाबरू नका. वेळ कमी असेल किंवा गाठीतून रक्त जात असेल तर शिरेतून आयर्न द्यायचं का, हे डॉक्टरांना विचारा. त्याचाही परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे जातात. गूळ-बीट खुशाल खा, पण एवढ्या दिवसांत त्याने भागत नाही. मटण त्यापेक्षा उजवं, तरी गोळी सोडू नका.

भूलतज्ज्ञांना दोन गोष्टी विचारा: रक्तस्राव कमी करायला ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड चालेल का, आणि हिमोग्लोबिन कितीवर उतरलं की रक्त देणार? रक्तस्राव थांबलेला, रुग्ण स्थिर असेल तर साधारण ७ पर्यंत थांबतात, हृदयरोग असेल तर ८. एका पिशवीने हिमोग्लोबिन सुमारे १ ने वाढतं. म्हणून एक द्यायची, तपासायचं, मग दुसरी. ‘दोन चढवून टाका’ हा आग्रह नको.

सख्ख्या भावाचं किंवा मुलाचं रक्त थेट त्याच रुग्णाला नको. जवळच्या नात्यात दात्याच्या पेशी रुग्णाच्या शरीरावर उलटू शकतात. द्यायचंच झालं तर पिशवीला किरणं द्यावी लागतात.

वॉर्डात पिशवी लागली की नाव, रक्तगट आणि पिशवीचा नंबर दोघांनी ताडून बघायचा. फ्रिजबाहेर आल्यापासून चार तासांत ती संपली पाहिजे. त्याच नळीतून फक्त नॉर्मल सलाईन. रिंगर लॅक्टेट या दुसऱ्या सलाईनमधल्या कॅल्शियमने रक्त गोठू शकतं. पहिली १५ मिनिटं रुग्णाजवळून हलू नका. थंडी, कंबरदुखी, धाप किंवा लालसर लघवी दिसली की लगेच सिस्टरना बोलवा. त्या रक्त बंद करतील. पिशवी नळीसकट जपून ठेवा, कचऱ्यात नको. ती रक्तपेढीत परत तपासायला जाते.