नागपुरात घराला खोली वाढवताना या चुका टाळा

घर बांधताना माणूस जेवढा विचार करतो, त्याच्या चौथ्या हिश्श्याएवढाही विचार तो त्याच घराला खोली जोडताना करत नाही. मुलाचे लग्न ठरलेले असते, मिस्त्री ओळखीचा असतो, मागच्या अंगणात जागा रिकामी असते आणि ‘एकच तर खोली आहे’ एवढे म्हटले की नकाशा, माती आणि वारा हे तिन्ही विषय संपतात. वास्तविक जोडखोलीचे काम नव्या घरापेक्षा अवघड असते, कारण तिला अनेक वर्षे स्थिरावलेल्या पायाशी, ठरलेल्या सांडपाण्याच्या वाटेशी आणि वापरात असलेल्या खिडक्यांशी जुळवून घ्यावे लागते.

सर्वांत महागात पडते ती पायाची चूक. पश्चिम नागपुरात अनेक ठिकाणी थोडे खणले की मुरूम किंवा काळा दगड लागतो. परंतु शहराभोवतीचे कितीतरी लेआउट पूर्वीच्या शेतांवर पडलेले आहेत आणि तिथे काळी माती बरीच खोलवर जाते. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. दुमजली घराचे वजन तिला काही प्रमाणात दाबून धरते, एकमजली हलक्या खोलीला मात्र ती वर उचलते आणि पुन्हा खाली सोडते. त्यातच जुन्या घराखालची माती वर्षानुवर्षे झाकलेली असल्याने तिच्यातील ओल फारशी बदलत नाही, तर अंगणातल्या मातीत पावसाचे आणि बागेचे पाणी सतत मुरत आलेले असते.

दक्षिण नागपुरातील एका निवृत्त शिक्षकांना अक्षय तृतीयेच्या लग्नाआधी खोली हवी होती. आधी एक खड्डा खणून माती पाहू, असे मी सुचवले, तेव्हा मिस्त्री म्हणाला, “काकाजी, एका खोलीला कशाला पाहिजे एवढा पाया? जुन्या भिंतीच्या विटा काढून नवी भिंत त्यात गुंतवून देतो, घरच तिला धरून ठेवते.” काकाजींना तेच पटले आणि पाया अडीच फुटांवर थांबला. लग्न थाटात झाले. पहिल्या पावसाळ्यानंतर सांध्याच्या रेषेत बारीक भेग दिसली, तिच्यावर दिवाळीच्या रंगकामात पुट्टी फिरली. पुढच्या मे महिन्यात त्या भेगेत बोट जाऊ लागले आणि दोन्ही भिंती एकमेकींत गुंतलेल्या असल्याने जुन्या बेडरूमच्या दरवाज्याच्या कोपऱ्यातूनही तिरकी चीर वर गेली. म्हणजे ज्या घराने नव्या खोलीला धरायचे होते, त्यालाच तिने ओढून नेले. अखेर सांधा कापून दोन्ही भाग वेगळे करावे लागले, आणि त्या दुरुस्तीला खोल पायासाठी लागला असता त्याहून अधिक पैसा लागला.

म्हणून नकाशा काढण्याआधी मी खड्डाच खणून घेतो. मुरूम आवाक्यात असेल तर पाया त्याच्यावर बसवावा. नसेल तर अंडर-रीम्ड पाइलचा, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेल्या काँक्रीटच्या खांबांचा, विचार करावा. तळाशी कांद्यासारखा फुगा असलेले हे पाइल रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठी विकसित केले. अशा मातीत ऋतूनुसार ओल बदलणारा थर साधारण साडेतीन मीटरपर्यंत जातो आणि फुगा त्याच्या खाली राहतो. नवी खोली स्वतःच्या कॉलमवर उभी असावी आणि जुन्या भिंतीलगत सुमारे एक इंचाचा सांधा मोकळा सोडून त्यात दबणारा पदार्थ भरावा. छतावर या सांध्याला झाकण न केल्यास पहिल्याच पावसात गळती ठरलेली आहे. जुन्या पायालगत त्याच्याहून खोल खणायचे असेल, तर संपूर्ण लांबी एकाच दिवशी उघडू नये. मिस्त्री घाई करत असेल, तर त्याला त्या दिवशी सुट्टी द्यावी.

दुसरी चूक कूलरची आहे आणि ती नकाशावर कोणालाच दिसत नाही. पारा ४५ अंशांच्या वर जाणाऱ्या या शहरात बहुतेक घरांची उन्हाळ्याची भिस्त कूलरवर असते. कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या पॅडमधून ओढतो, आणि ती हवा खोलीतून दुसऱ्या बाजूने बाहेर पडली तरच गारवा टिकतो. मागच्या अंगणात खोली उभी राहिली की जुन्या बेडरूमची खिडकी त्या खोलीतच उघडते. मग कूलर घरातलीच ओलसर हवा पुन्हापुन्हा फिरवतो, अंग चिकट होते आणि दोष कंपनीला दिला जातो. मधली खोली अंधारी होते ते वेगळेच. राहत्या खोलीची खिडकी मोकळ्या हवेत उघडावी, अशी बांधकाम नियमांचीही अपेक्षा असते.

माझ्या कागदावर भिंतींच्या आधी कूलर येतो. तो कुठे बसेल, पाणी कुठून येईल, सांडलेले कुठे जाईल आणि समोरच्या भिंतीत हवा बाहेर पडायला झरोका कुठे असेल, हे ठरले की मग पलंग आणि कपाट. एप्रिलमध्ये दुपारी तीन वाजता त्या अंगणात उभे राहिल्याशिवाय पश्चिमेच्या भिंतीत मी खिडकी देत नाही. संध्याकाळच्या गार वाऱ्यात जागा पाहून होकार देणाऱ्यांशी वाद घालणे मी सोडून दिले आहे.

प्लॉटला आर.एल., म्हणजे प्लॉट नियमित असल्याचे पत्र, आहे म्हणजे बांधकामालाही परवानगी आहे, हा समज नागपुरात खोल रुजलेला आहे. आर.एल. प्लॉटचे असते, वाढीव बांधकामाचा नकाशा वेगळा मंजूर करून घ्यावा लागतो. साईड मार्जिनमध्ये, म्हणजे घराच्या बाजूला मोकळ्या सोडायच्या जागेत, ‘शेजाऱ्यानेही बांधले आहे’ एवढ्या आधारावर भिंत उभी केल्यास १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम ५३ खालील नोटीस येऊ शकते, आणि शेजाऱ्याचे उदाहरण तिथे उपयोगी पडत नाही.

मे महिन्यात स्लॅब टाकणारे पाण्याचा हिशेब करत नाहीत. कोरड्या, उष्ण हवेत साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान १० दिवस आणि फ्लाय ॲश (कोळशाची राख) मिसळलेल्या सिमेंटला १४ दिवस ओलावा मिळावा, असे काँक्रीटचे भारतीय मानक आयएस ४५६ सांगते. नळाला पाणी कमी असेल तर काम पुढे ढकलावे. काँक्रीट ऊन कलल्यावर टाकावे आणि ओल्या पोत्यांवर सकाळ-संध्याकाळ स्वतः हात ठेवून पाहावा. पाणी मारल्याच्या तोंडी हमीवर माझा विश्वास नाही.

सेप्टिक टँकवर खोली बांधू नये, आणि गडर लाइनचे (सांडपाण्याच्या नळाचे) चेंबर फरशीखाली गाडून टाकू नये. पुढे मजला चढवू म्हणून वर सोडलेल्या सळ्या उघड्या ठेवल्या तर गंजतात. त्यांच्यावर सिमेंटचा घोळ लावून कच्च्या काँक्रीटने झाकाव्यात. तळमजला केवळ भिंतींवर उभा असेल तर वर खोली चढवण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवावे, मिस्त्रीला नव्हे.

प्लिंथची (जोत्याची) उंची जुन्या फरशीवरून नव्हे, रस्त्यावरून मोजावी. सिमेंट रस्ते झाल्यापासून अनेक गल्ल्यांत रस्ता वर आणि घर खाली अशी स्थिती आहे; त्यात मागच्या अंगणातले पाणी पुढे येण्याची वाट नव्या खोलीने अडवली, तर ते घरातूनच वाहते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पुरात नाग नदीकाठच्या वस्त्यांनी पाणी घरात शिरणे म्हणजे काय हे पाहिले आहे. नदीपासून दूर असलेल्या घरालाही अंगणाचा उतार चुकल्यास एक जोराची सर पुरते. भिंतीची आखणी करताना पाण्याची पातळी दाखवणारी नळी सोबत ठेवावी आणि उताराची खूण पायाच्या आधी कंपाऊंडवर मारून घ्यावी.