लिनक्स बोर्डासाठी क्रॉस-कंपायलेशनची व्यवस्था कशी लावावी

तासगावकडच्या एखाद्या बेदाण्याच्या शीतगृहात तापमान आणि आर्द्रता नोंदवणारे उपकरण बसवायचे आहे, त्यासाठी पॅनेलमध्ये बीगलबोन ब्लॅक हा लिनक्स चालवणारा छोटा बोर्ड घेतला आहे आणि सेन्सर आरएस-४८५ या सिरीयल जोडणीच्या तारेवरून मॉडबस या औद्योगिक संदेशपद्धतीने माहिती देतात, असे काम समोर धरून हा लेख लिहीत आहे. या बोर्डावर १ गिगाहर्ट्झचा कॉर्टेक्स-ए८ प्रोसेसर आणि ५१२ मेगाबाइट रॅम असते. सी भाषेतला छोटा प्रोग्रॅम त्यावरच कंपाइल होतो. पण सी++ चा जरा मोठा प्रकल्प घेतला की मेमरी अपुरी पडते आणि कंपायलर मध्येच मारला जातो. म्हणून कंपायलर लॅपटॉपवर चालवायचा आणि तयार झालेली फाइल बोर्डावर न्यायची. यालाच क्रॉस-कंपायलेशन म्हणतात. लॅपटॉपवर लिनक्स आणि डॉकर आहे, कमांड लाइनची सवय आहे आणि बोर्डावर एसएसएचने शिरता येते, एवढे मी गृहीत धरतो.

नेटवर्क नसतानाही बोर्डाशी बोलता यावे म्हणून सिरीयल कन्सोलची केबल आधीच लावून ठेवावी: वेग ११५२००, आणि केबल ३.३ व्होल्टचीच. ५ व्होल्टची किंवा थेट आरएस-२३२ ची केबल जोडल्यास बोर्ड कायमचा निकामी होऊ शकतो. लॅपटॉपवर पोर्ट उघडण्याची परवानगी नाकारली गेल्यास आपले खाते डायलआउट या गटात घालून पुन्हा लॉगइन करावे.

कंपायलर उतरवून घेण्याआधी बोर्डालाच काही प्रश्न विचारावेत. इटीसी निर्देशिकेतील ओएस-रिलीज ही फाइल वाचली की डेबियनची आवृत्ती समजते. एलडीडी ही कमांड व्हर्जनच्या पर्यायासह चालवली की जीलिबसीची, म्हणजे सी भाषेच्या मूळ लायब्ररीची, आवृत्ती समजते. आर्किटेक्चर, म्हणजे प्रोसेसरचा प्रकार, मात्र यूनेम या कमांडवरून ठरवू नये, कारण ती कर्नेलबद्दल, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याबद्दल, सांगते. काही बोर्डांवर, विशेषतः रास्पबेरी पायवर, कर्नेल ६४ बिटचा आणि बाकी सगळी प्रणाली ३२ बिटची असते, आणि तिथे यूनेमच्या उत्तरावर विसंबलेला माणूस चुकीचा कंपायलर घेऊन बसतो. त्याऐवजी डीपीकेजी या डेबियनच्या पॅकेज-साधनाला प्रिंट-आर्किटेक्चर विचारावे. बीगलबोनवर उत्तर आर्मएचएफ असे येते. त्यातील शेवटच्या ‘एचएफ’ (हार्ड फ्लोट) या दोन अक्षरांचा अर्थ असा, की अपूर्णांकी संख्या फंक्शनला देताना प्रोसेसरच्या फ्लोटिंग पॉइंट रजिस्टरांमधून दिल्या जातात. हा करार न पाळणारी लायब्ररी अशा प्रोग्रॅमला जोडता येत नाही. लिंकर, म्हणजे प्रोग्रॅमचे भाग जोडणारे साधन, तिथेच नकार देतो. ही सगळी उत्तरे कागदावर लिहून ठेवावीत, कारण पुढचे सर्व निर्णय त्यांवरच ठरतात.

आता ज्या टप्प्यावर बहुतेकांची गाडी अडते, आणि ज्याने एके काळी मलाही पुष्कळ दमवले, तो टप्पा. समजा बोर्डावर डेबियन ११ आहे. त्यातील जीलिबसी २.३१ आहे. लॅपटॉपवर उबुंटू २२.०४ आहे, त्यातील जीलिबसी २.३५ आहे. सर्वत्र दिलेला सल्ला पाळून उबुंटूच्या पॅकेज-भांडारातील (रिपॉझिटरीतील) आर्मचा क्रॉस-कंपायलर घेतला, एका ओळीचा नमुना प्रोग्रॅम कंपाइल केला आणि बोर्डावर नेला, तर तो चालत नाही. ‘जीलिबसी २.३४ सापडत नाही’ अशा अर्थाची एरर येते. प्रोग्रॅममध्ये नवे असे काहीही नसताना ही एरर का यावी, हे नीट समजून घेतले पाहिजे. जीलिबसीतील प्रत्येक फंक्शनवर आवृत्तीची खूण असते आणि लिंकर आपल्यासमोर असलेल्या लायब्ररीतील सर्वांत नवी खूण प्रोग्रॅममध्ये नोंदवतो. ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या २.३४ या आवृत्तीत थ्रेडची स्वतंत्र लायब्ररी मुख्य लायब्ररीत विलीन झाली, आणि मेन फंक्शनला हाक देणाऱ्या सुरुवातीच्या फंक्शनलाही नवी खूण मिळाली. परिणामी २.३४ किंवा त्यापुढच्या जीलिबसीसमोर जोडला गेलेला जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅम, मग तो कितीही साधा असो, २.३३ किंवा त्याआधीच्या बोर्डावर सुरूच होत नाही. जुन्या जीलिबसीसमोर तयार केलेला प्रोग्रॅम नव्या बोर्डावर चालतो. उलट दिशेने मात्र चालत नाही.

या एररवर जे उपाय सुचवले जातात, त्यांतील एक अत्यंत घातक आहे: लॅपटॉपवरील किंवा इंटरनेटवरून मिळवलेली नवी लिबसी फाइल बोर्डावरील जुन्या फाइलच्या जागी टाकणे. बोर्डावरची जवळजवळ प्रत्येक कमांड त्याच लायब्ररीवर आणि तिच्या जोडीच्या लोडरवर, म्हणजे प्रोग्रॅम सुरू करताना लायब्रऱ्या जोडणाऱ्या भागावर, उभी असते. त्यांची जुळणी बिघडली की यादी पाहणारी कमांड चालत नाही, फाइल परत ठेवणारी कमांडही चालत नाही, एसएसएचने नव्याने आत जाता येत नाही आणि अखेरीस कार्डावर संपूर्ण प्रणालीची नवी प्रतिमा (इमेज) लिहावी लागते. टेबलावर असलेल्या बोर्डाचे हे एक वेळ निभावते. तासगावच्या पॅनेलमध्ये बंद असलेल्या बोर्डाचे निभावत नाही. हा उपाय कोणी कितीही खात्रीने सांगितला तरी करू नये.

दुसरा सल्ला सगळे स्टॅटिक लिंक करण्याचा, म्हणजे लायब्रऱ्या प्रोग्रॅमच्या फाइलमध्येच सामावण्याचा, असतो. जीलिबसीच्या बाबतीत तोही अपुरा आहे, कारण सर्व्हरच्या नावावरून पत्ता शोधणारी फंक्शने स्टॅटिक प्रोग्रॅममध्येही चालण्याच्या वेळी जीलिबसीच्या त्याच आवृत्तीच्या लायब्रऱ्या मागतात. लिंकर तसा इशाराही देतो, पण त्याकडे सहसा कानाडोळा होतो. शीतगृहातील नोंदी नेटवर्कवरून पाठवायच्या असतील, तर हा मार्ग नेमका तिथेच दगा देतो.

तिसरा सल्ला सिसरूटचा, म्हणजे बोर्डावरील लायब्रऱ्या आणि हेडर फाइल लॅपटॉपवर आणून कंपायलरला त्या दाखवण्याचा. तत्त्व बरोबर आहे, मात्र उबुंटू किंवा डेबियनच्या भांडारातील क्रॉस-कंपायलर सिसरूट दाखवल्यानंतरही आपल्या सोबत आलेल्या जीलिबसीची निर्देशिका शोधायला जातोच. त्यामुळे आपण जुनी लायब्ररी दाखवतो, तो गुपचूप नवी जोडतो आणि एरर जिथल्या तिथे राहते. आर्म कंपनीने दिलेला टूलचेन (कंपायलर आणि त्याच्या साधनांचा संच) घेतला तर वेगळी अडचण येते: डेबियनच्या लायब्रऱ्या ज्या उपनिर्देशिकेत असतात ती त्याला माहीत नसते आणि सुरुवातीचीच क्रट१ ही ऑब्जेक्ट फाइल सापडत नाही. मार्ग हाताने देऊन तेही जमवता येते. पण पुढे सी++ लायब्ररीच्या आवृत्तीचा हाच प्रश्न पुन्हा उभा राहतो.

माझे मत ठाम आहे. बोर्डावर जी डेबियन आवृत्ती आहे, तीच लॅपटॉपवर डॉकरच्या कंटेनरमध्ये, म्हणजे वेगळ्या बंदिस्त लिनक्स वातावरणात, उभी करावी आणि कंपायलर तिच्याच भांडारातून घ्यावा. डेबियन ११ चा कंटेनर सुरू करावा, त्यात डीपीकेजीला आर्मएचएफ हे परके आर्किटेक्चर जोडावे, पॅकेजांची यादी ताजी करावी आणि क्रॉसबिल्ड-इसेन्शियल-आर्मएचएफ हे पॅकेज बसवावे. लिबमॉडबस या मॉडबसच्या लायब्ररीची विकसन-आवृत्ती हवी असेल, तर तिच्या पॅकेजच्या नावापुढे कोलन (:) आणि आर्मएचएफ लिहून तीही तिथेच बसवावी. आता कंपायलर, जीलिबसी आणि सी++ लायब्ररी या तिन्ही गोष्टी बोर्डाशी जुळलेल्या असतात आणि सिसरूटचा खटाटोप उरत नाही. सगळ्या पायऱ्या डॉकरफाइलमध्ये लिहाव्यात आणि तयार प्रतिमा फाइलच्या रूपात जपून ठेवावी. जुन्या आवृत्त्यांची भांडारे कालांतराने मुख्य सर्व्हरवरून हलवली जातात, आणि उपकरण मात्र शीतगृहात वर्षानुवर्षे चालत राहते.

सेन्सरच्या उत्पादकाने दिलेली लायब्ररी बोर्डावर यूएसआर-लोकलमध्ये बसवलेली असेल, तर तेवढीच निर्देशिका आरसिंक या कमांडने कंटेनरमध्ये आणावी. त्या वेळी असुरक्षित सिमलिंकांच्या, म्हणजे निर्देशिकेबाहेरच्या फाइलकडे नेणाऱ्या दुव्यांच्या, जागी खऱ्या फाइल ठेवण्याचा पर्याय द्यावा. तसे न केल्यास पूर्ण मार्ग असलेले सिमलिंक बोर्डाऐवजी कंटेनरमधील जागेकडे बोट दाखवतात आणि लिंकर लायब्ररी सापडत नसल्याचे सांगतो.

हीच पद्धत पहिल्या रास्पबेरी पायला किंवा पहिल्या पाय झीरोला लावू नये. त्यांचा प्रोसेसर आर्मव्ही६ चा आहे आणि डेबियनचा आर्मएचएफ आर्मव्ही७ पासून सुरू होतो. कंपायलरला व्ही६ चा पर्याय दिला तरी सोबत जोडले जाणारे तयार भाग व्ही७ चेच राहतात आणि प्रोग्रॅम ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून कोसळतो.

सीमेक हे बिल्डचे साधन वापरत असल्यास टूलचेन फाइलमध्ये प्रणालीचे नाव, प्रोसेसर आणि दोन्ही कंपायलर लिहावेत, आणि ती फाइल बदलली की बिल्ड निर्देशिका पूर्ण पुसावी, कारण जुनी उत्तरे कॅशमध्ये तशीच राहतात. लायब्रऱ्यांचे मार्ग सांगणाऱ्या पीकेजी-कॉन्फिगसाठी लिबडिर हे चल (व्हेरिएबल) ठरवावे; पाथ हे चल नुसती भर घालते आणि लॅपटॉपच्या आर्किटेक्चरच्या लायब्रऱ्या शोधात राहतातच.

तयार झालेली फाइल बोर्डावर नेण्याआधी तपासावी. फाइल या कमांडने ती ३२ बिट आर्मची असल्याचे दिसते. ऑब्जडंप या कमांडला डायनॅमिक चिन्हांची (सिम्बॉलांची) यादी मागून त्यात जीलिबसीच्या खुणा पाहाव्यात. सर्वांत मोठा आकडा २.३१ पेक्षा जास्त नसला पाहिजे. ही तपासणी बिल्डच्या स्क्रिप्टमध्येच घातली तर चूक शीतगृहात पोहोचण्याआधी टेबलावर पकडली जाते. बोर्डावर फाइल डोळ्यांसमोर असूनही ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ असे उत्तर आले, तर प्रोग्रॅम जो डायनॅमिक लोडर मागतो तो त्या बोर्डावर नाही, असे समजावे. अशा वेळी फाइलचे नाव पुन्हापुन्हा तपासण्यात अर्थ नसतो. रीडएल्फ या कमांडने लोडरचा मार्ग पाहावा. आर्मएचएफसाठी त्याचे नाव एलडी-लिनक्स-आर्मएचएफ असे असते.

डीबगिंगसाठी बोर्डावर जीडीबीसर्व्हर आणि लॅपटॉपवर जीडीबी-मल्टीआर्क हा डीबगर वापरावा. बोर्डावर चिन्हे काढून हलकी केलेली फाइल ठेवावी आणि तिचीच चिन्हांसह असलेली प्रत लॅपटॉपवर जपावी. दोन्ही एकाच बिल्डमधून आलेल्या असल्या पाहिजेत, नाहीतर जीडीबी भलत्याच ओळी दाखवतो. नवी फाइल बोर्डावर उतरवल्यानंतर सिंक ही कमांड दिल्याशिवाय पॅनेलची वीज बंद करू नये.