ठाण्यात बसून कास्टिंग साइटवरून काम कसं मिळवायचं

काही वर्षांपूर्वी मी दीडेक महिना वर्सोव्याच्या आरामनगरात एका कास्टिंगवाल्याकडे कॅमेरा लावायला होतो. पैसे म्हणाल तर येण्याजाण्याचे सुटायचे तेवढेच, पण तिथे एक गोष्ट डोळ्यांनी बघितली जी कुठल्या ॲक्टिंग क्लासात कोणी सांगितली नव्हती. एका ॲडसाठी वडील हवे होते, वय ५० ते ५५, मराठी अस्खलित, मुंबईतलेच, शूट परवा. तिथल्या असिस्टंट मुलीने कास्टिंग साइट, म्हणजे नटांचे फोटो आणि माहिती ठेवलेली वेबसाइट, उघडली, बाजूच्या फिल्टरमध्ये पुरुष, वय, भाषा, शहर असं टिक टिक केलं, दीड-दोनशे चेहरे आले आणि ती माउसचं चाक फिरवत खाली जात राहिली, एका फोटोवर फार तर एक सेकंद. चहा येईपर्यंत अकरा जण काढून झाले होते तिचे.

त्या यादीत आमच्या वर्तकनगरचे एक काका असायला हवे होते. हौशी रंगभूमीवर पंचवीस वर्षं, राज्य नाट्य स्पर्धेत बक्षीस, आवाज असा की शेवटच्या रांगेतल्या माणसाला माइक लागत नाही. प्रोफाइल पण होतं त्यांचं त्याच साइटवर, मीच बनवून दिलेलं. घरी येऊन बघतो तर भाषेचा रकाना रिकामा आणि शहर म्हणून चिपळूण, कारण काकांनी विचारलं होतं "गाव कुठलं टाकू रे?" आणि मी न बघता "तुमचंच टाका" म्हटलं होतं. म्हणजे चूक माझीच. फिल्टरला बक्षीस दिसत नाही, त्याला टिक दिसते.

म्हणून आधी सगळे रकाने भरा, कंटाळा आला तरी. उंची, बांधा, केसांची लांबी, दाढी आहे की नाही, भाषा, बोली, गाडी चालवता येते का, पोहता येतं का, नाच कुठला, लाठी, लेझीम, ढोल, जे येतं ते. शहर 'मुंबई' निवडा आणि एरिया किंवा पत्त्यात ठाणे, नेरूळ, कळवा जे असेल ते लिहा. ठाणेकर म्हणून मनाला लागतं हे मान्य, पण समोरचा सर्च 'मुंबई'वरच करतो, ठाणे वेगळं टिक करायचं त्याच्या डोक्यातही येत नाही. वयाच्या जागी बऱ्याच साइटवर दोन आकडे मागतात, म्हणजे तुम्ही पडद्यावर कुठल्या वयाचे दिसता ते. तिथे १८ ते ४५ वगैरे लिहू नका, हसतात. आठ-दहा वर्षांचा पट्टा बास, आणि तो स्वतः ठरवू नका, ओळख नसलेल्या चार जणांना फोटो दाखवून विचारा. मला मी तिशीचा वाटायचो, गडकरी रंगायतनच्या कॅन्टीनमध्ये एकाने सरळ अडतीस सांगितलं, दोन दिवस वाईट वाटलं, पण रेंज बदलल्यावर कॉल वाढले.

आणि खोटं लिहू नका. उंची दोन इंच वाढवून लिहिलेले लोक मी ऑडिशनला बघितलेत, दारात उभे राहिले की कळतं. घोडेस्वारी येते असं लिहून सेटवर घोड्याला बघूनच मागे सरकलेला एक ऐतिहासिक मावळा पण बघितलाय, जाऊ दे.

आता साइट कुठल्या. आपल्याकडे टॅलेंटट्रॅक आहे, कास्टिंग नेटवर्क्स आहे, शिवाय बऱ्याच कास्टिंग कंपन्यांचे स्वतःचे फॉर्म असतात, आणि खरं सांगायचं तर निम्मी रिक्वायरमेंट अजूनही व्हॉट्सॲप ग्रुपवर आणि इन्स्टाग्रामच्या स्टोरीवरच फिरते. बाहेर हा प्रकार खूप जुना, ब्रिटनची स्पॉटलाइट १९२७ पासून आहे, तेव्हा ते नटांचे फोटो छापलेलं चक्क जाड पुस्तक होतं, अमेरिकेतलं बॅकस्टेज १९६० मध्ये पेपर म्हणून निघालं आणि नंतर साइट झालं. तिकडे नट वर्षाची मेंबरशिप स्वतःच्या खिशातून भरतो, ती तिकडची रीतच आहे. हे मुद्दाम सांगतोय कारण आपल्याकडे 'पैसे मागितले म्हणजे फ्रॉड' एवढंच डोक्यात बसलेलं असतं. साइट वापरायची फी वेगळी आणि रोल द्यायची फी वेगळी. पहिली भरायची की नाही ते तुम्ही बघा, मी म्हणेन फुकटचं प्रोफाइल सहा महिने नीट वापरून मग ठरवा. दुसरी कधीच भरायची नाही, त्याच्यावर खाली येतो. सुरुवातीला दोन साइट पुष्कळ झाल्या. सात ठिकाणी अर्धवट प्रोफाइल आणि सातही ठिकाणी वेगवेगळा फोन नंबर, याचा उपयोग शून्य.

फोटोसाठी पंधरा-वीस हजाराचा पोर्टफोलिओ लगेच करू नका. सुरुवातीला चार फोटो चालतात: समोरून चेहरा साधा, हसरा चेहरा, दोन्हीपैकी एक साइड, आणि पायापर्यंत पूर्ण. गॉगल नाही, फिल्टर नाही, लग्नातला फेटा नाही, बाजूला कापलेल्या मावशीचा खांदा नाही. सकाळी नऊच्या आसपास खिडकीसमोर किंवा बिल्डिंगच्या पॅसेजमध्ये उभं राहून मित्राच्या बऱ्या फोनवर काढले तरी काम होतं. मुख्य म्हणजे आज जसे दिसता तसे. दाढी वाढवली, केस कापले, वजन उतरलं की त्याच आठवड्यात फोटो बदला, कारण त्यांनी फोटोतला माणूस बोलावलेला असतो आणि दारात दुसराच उभा राहतो.

प्रोफाइलचं झालं, आता सेल्फ टेस्ट, म्हणजे घरून पाठवायचं ऑडिशन. आपल्यासारख्या लांबच्यांसाठी हे वरदानच म्हणायचं. पूर्वी दोन ओळींच्या ऑडिशनसाठी ठाण्याहून लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रोने वर्सोवा, मग रिक्षा, जायला दीड तास, रांगेत दोन तास, आणि आत गेल्यावर चेहरा बघून "नॉट फिट" म्हणून परत. नेरूळ-पनवेलवाल्यांचं तर बघायलाच नको. आता निदान पहिली फेरी घरात होते.

पण घरात म्हणजे कशी ते ऐका. मी राहतो कासारवडवलीला, घोडबंदर रोडला लागून, खाली कंटेनर आणि मेट्रोचं काम. एकदा रडायचा सीन होता, बायको मागे संवाद वाचत होती, टेक असा लागला की माझं मलाच भरून आलं, आणि शेवटच्या ओळीवर कुकरची तिसरी शिट्टी. मी म्हटलं जाऊ दे, भावना महत्त्वाची, पाठवून दिलं. तासाभरात मेसेज, "सर शिट्टी चांगली होती, आता विदाउट पाठवा." तेव्हापासून दुपारी अडीच ते चार हा आमच्या घरचा टेस्टचा टाइम, कुकर बंद, पंखा बंद, बेलवर चिठ्ठी.

मागे साधी भिंत, फिकट रंगाची, कॅलेंडर आणि देवाचा फोटो फ्रेमच्या बाहेर. खिडकी तुमच्या तोंडासमोर, पाठीमागे नाही, नाहीतर चेहरा काळा पडतो. फोन आडवा, जोवर ते स्वतः उभा मागत नाहीत, आणि लेन्स डोळ्यांच्या उंचीवर. ट्रायपॉड नसेल तर इस्त्रीचं टेबल आणि त्याच्यावर पुठ्ठ्याची खोकी, मी दोन वर्षं त्याच्यावर काढली. आधी इंट्रो: नाव, वय, उंची, कुठे राहता, मग डावी बाजू, उजवी बाजू, हात पुढून मागून, पूर्ण उभं. हे बोलताना पण नटच राहा, रेशनच्या रांगेत नाव सांगितल्यासारखं नको, कारण कित्येक जण इंट्रो बघूनच पुढच्या माणसाकडे वळतात. सीनमध्ये लेन्समध्ये बघू नका, संवाद वाचणाऱ्याला लेन्सच्या अगदी शेजारी उभं करा आणि त्याच्याकडे बघा. ॲडमध्ये थेट प्रेक्षकांशी बोलायचं असेल तर मात्र लेन्स. वाचणारा माणूस हळू आणि सपाट वाचणारा हवा. माझा एक मित्र एकांकिकावाला, तो मागून असा काही वाचायचा की व्हिडिओ बघून लोक विचारायचे, मागचा आवाज कोणाचा?

एकांकिकेतून आलेल्यांना वेगळं सांगायला हवं, कारण आपल्या ठाण्यात हे पीक भरपूर. आपल्याला शेवटच्या रांगेपर्यंत पोचायची सवय, भुवया, हात, आवाज सगळंच मोठं. फोन दोन हातांवर असतो. नाटक करू नका असं नाही म्हणत मी, पण एक टेक स्टेजवर करता तसा करा, मग तेच सगळं मनात ठेवून शेजारी बसलेल्या बहिणीशी बोलल्यासारखा करा, आणि दुसरा पाठवा.

पाठवताना व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून टाकला तर चेहऱ्याचा चिखल होतो, डॉक्युमेंट म्हणून टाका, नाहीतर ड्राइव्हची लिंक द्या आणि ती लिंक दुसऱ्याच्या फोनवर उघडून बघा, 'परमिशन मागा' असं आलं तर कोणी मागत बसत नाही, पुढचा उघडतात. फाइलला नाव, वय, रोल, नंबर असं नाव द्या.

अप्लाय करताना ब्रीफ, म्हणजे रोलसाठी काय हवंय ते लिहिलेलं, पूर्ण वाचा. '२५ ते ३०, कोकणी बोलता यायला हवी, १२ आणि १३ तारीख मोकळी' असं लिहिलेलं असताना तुम्ही ३८ आणि १३ला चुलत भावाचा साखरपुडा, तर सोडा. सगळीकडे अप्लाय करणाऱ्याचं नाव डोक्यात बसतं लोकांच्या, आणि चांगल्या अर्थाने नाही. तारखेचं तर फार सांभाळा. 'होल्ड' म्हणाले म्हणजे ती तारीख त्यांच्यासाठी अडवून ठेवायची, काम पक्कं झालं असं नाही, 'लॉक' म्हणाले की पक्कं. होल्डवर असताना दुसरीकडून लॉक आलं तर आधी पहिल्याला फोन करून विचारायचं, लपवायचं नाही, हे लोक एकमेकांना ओळखतात. मालिकांची बरीच शूटिंग घोडबंदरला होतात, ते आपल्याला जवळ, त्यामुळे मेसेजमध्ये एक ओळ टाकत जा, "ठाण्यात राहतो, घोडबंदरच्या सेटला अर्ध्या तासात पोचतो." ऐनवेळी कोणी आजारी पडलं की ही ओळ कामाला येते. मला दोन कामं केवळ त्या ओळीवर मिळालीत.

आता फ्रॉड. मीही फसलोय, ३,५०० रुपयांना. अंधेरीत काचेचं ऑफिस, भिंतीवर हिरोंबरोबर काढलेले फोटो, पाच मिनिटांचं ऑडिशन आणि लगेच "सर तुम्ही सिलेक्ट, फक्त आर्टिस्ट कार्ड काढावं लागेल." कार्ड आलं, लॅमिनेट केलेलं, छान होतं, आजतागायत ते कोणी मागितलेलं नाही. सिंटा ही १९५८ पासूनची कलाकारांची संघटना, तिचं सदस्यत्व हा वेगळा विषय, पण 'कार्ड काढ मग रोल देतो' असं म्हणणारा कोणीही असो, उठून यायचं. रजिस्ट्रेशन, कॉस्च्युम डिपॉझिट, 'परत मिळणारे' पैसे, ठरावीक फोटोग्राफरकडूनच फोटो काढा, ही सगळी त्याचीच भावंडं. कोऑर्डिनेटरचं, म्हणजे नट मिळवून देणाऱ्या मधल्या माणसाचं, कमिशन असतं, ते खरं, पण ते काम झाल्यावर मिळालेल्या पैशातून, आधी नाही. ऑनलाइन पैसे गेले तर लाजत बसू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, जितकं लवकर कराल तितकी रक्कम अडवता यायची शक्यता जास्त.

मुलींनी, आणि मुलांनी पण, ऑडिशन ऑफिसात आणि दिवसा असेल तरच जायचं, हॉटेलची रूम किंवा कोणाचा फ्लॅट असेल तर नाही. प्रोजेक्टचं नाव गुपित असू शकतं, कास्टिंग करणाऱ्याचं नाव गुपित नसतं, ते शोधा, त्याच्याबरोबर काम केलेल्या एखाद्याला मेसेज टाकून विचारा. 'बॉडी बघायला' म्हणून व्हिडिओ कॉल मागितला की ब्लॉक.

लहान मुलांचे आईबाप पण हल्ली साइटवर प्रोफाइल करतात. नियम माहीत असू द्या: निर्मात्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग ३ तासांपेक्षा जास्त नाही, आणि मिळकतीचा किमान २० टक्के भाग मुलाच्या नावाने फिक्स डिपॉझिटमध्ये. परवानगीचं विचारल्यावर जो चिडतो त्याच्याकडे पाठवू नका.

पैशाचं बोलायला आपण मराठी माणसं फार लाजतो. लॉक करायच्या आधी मेसेजवर, तोंडी नाही, चार गोष्टी लिहून घ्या: दिवसाचे किती, शिफ्ट किती तासांची, येण्याजाण्याचं कोण बघणार, पैसे कधी. टीव्हीत ९० दिवसांनी पैसे हा रिवाजच आहे, त्यामुळे गणपतीत केलेल्या कामाचे पैसे धरून दिवाळीची खरेदी करू नका. ॲडमध्ये आणखी एक विचारा, ॲड कुठे आणि किती काळ चालणार, कारण फक्त इन्स्टाग्रामवर तीन महिने आणि टीव्हीसकट सगळीकडे दोन वर्षं याचे पैसे सारखे नसतात. एका ब्रँडच्या ॲडमध्ये दिसलात की त्याच प्रकारच्या दुसऱ्या ब्रँडवाले तेवढा काळ घेत नाहीत. पॅन कार्डची कॉपी तयार ठेवा, टीडीएस साधारण १० टक्के कापून येतो, तेवढा टॅक्स लागत नसेल तर तो रिटर्न भरून परत मागता येतो, पुष्कळ नट भरतच नाहीत आणि मग कापले म्हणून ओरडतात.

मी एक वही ठेवलीय, दोनशे पानी, त्यात तारीख, साइट, रोल, कोणाला पाठवलं, काय उत्तर आलं, पैसे आले का, एवढंच. उत्तर आलं नाही तर आठ दिवसांनी एकदा मेसेज करतो, परत नाही. नॉट फिटचं कारण विचारत नाही, ते सांगत नाहीत आणि बऱ्याचदा कारण एवढंच असतं की मुलीचं काम करणारीची उंची जास्त निघाली.

काकांचं शहर मी त्याच रात्री बदललं, भाषेत मराठी, हिंदी आणि मालवणी टाकली. मालवणी येते हे मला माहीत नव्हतं, त्यांनीही कधी सांगितलं नव्हतं, कारण कोणी विचारलंच नव्हतं. पहिला कॉल आला तो मालवणीमुळेच, मालिकेत दोन दिवसांचा गावचा सरपंच. सेट घोडबंदरला होता. काका रिक्षाने गेले, डबा घेऊन, आणि संध्याकाळी फोन करून मला एवढंच विचारलं, "नव्वद दिवस आजपासून मोजायचे की उद्यापासून?"