गच्चीचं गळणं कोपऱ्यात शोधा

ठाणे, वाशी, नेरूळच्या जुन्या सोसायट्यांत गच्ची गळली की पहिला उपाय म्हणजे वरून रंगासारखं कोटिंग. एकदोन पावसाळे निघतात, मग पुन्हा ओल. कारण छत टिकवणाऱ्या गोष्टी डोळ्यांना दिसतच नाहीत.

स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा कोबा असतो. त्याचं मुख्य काम उतार देणं. साधारण 100 सेंटीमीटरला 1 सेंटीमीटर उतार हवा, नाहीतर पाणी साचून मुरतं. पण मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती वाटा, म्हणजे कठडा आणि गच्ची जिथे मिळतात तिथली सिमेंटची गोलाई. उन्हात स्लॅब फुगतो, रात्री आकसतो आणि हा सांधा सर्वांत आधी उकलतो. खालच्या घरात भिंतीलगत ओल दिसली तर आधी इथेच बघा. तसंच पाइपाच्या तोंडाशी, जाळीभोवती.

स्लॅबमधल्या सळईवरचं काँक्रीटचं आवरण हा शेवटचा पहारेकरी. खाडीच्या खाऱ्या हवेत ओल आत गेली की सळई गंजून फुगते आणि छताचे पोपडे पडतात. तेव्हा नुसतं प्लास्टर थापू नका. स्ट्रक्चरल इंजिनीअरला बोलवा.

वॉटरप्रूफिंग करून घेतलंत तर पैसे पूर्ण चुकते करण्याआधी पाइपांची तोंडं बंद करून गच्चीवर दोनएक इंच पाणी किमान 48 तास साठवा आणि खालची छतं तपासा. हे मे महिन्यातच उरका.