महाग मॉडेल घ्यावे का? लॅपटॉपच्या किमतीतला फरक कसा तपासावा

एकाच मालिकेतला एक लॅपटॉप ५५ हजारांना आणि दुसरा ७० हजारांना मिळत असेल, तर महाग तो चांगलाच असणार असे गृहीत धरू नये. वरच्या १५ हजारांत नेमके काय मिळते आणि त्यातले काय पुढे बसवून घेता येईल, हे आधी पाहावे. जे नंतर बदलता येते त्यासाठी आज जादा पैसे मोजू नयेत आणि जे बदलता येत नाही त्यात काटकसर करू नये, असे माझे ठाम मत आहे.

सर्वाधिक फसगत होते ती प्रोसेसरच्या, म्हणजे लॅपटॉपच्या मुख्य चिपच्या, नावामुळे. इंटेलचे आय५-१२३५यू आणि आय७-१२५५यू हे दोन प्रोसेसर शेजारी ठेवून पाहा. दोन्हींत १० कोअर (स्वतंत्रपणे काम करणारे भाग) आणि १२ एमबी कॅश (प्रोसेसरमधली छोटी, जलद मेमरी) आहे. कमाल वेग ४.४ आणि ४.७ गिगाहर्ट्झ, म्हणजे कार्यालयीन कामात सहसा जाणवणार नाही एवढाच फरक. एएमडी या दुसऱ्या प्रोसेसर कंपनीच्या बाबतीत उलट घडते. रायझन ५ ७५२०यू आणि ७५३०यू या नावांत एका अंकाचा फरक दिसतो, पण पहिल्यात झेन २ या जुन्या रचनेचे ४ कोअर आहेत आणि दुसऱ्यात त्यानंतरच्या झेन ३ रचनेचे ६. येथे थोडे जास्त पैसे देणे मला पूर्णपणे योग्य वाटते.

त्यानंतर रॅमचा, म्हणजे चालू कामे तात्पुरती ठेवणाऱ्या मेमरीचा, विचार करावा. अनेक सडपातळ लॅपटॉपमध्ये ती मदरबोर्डवरच (मुख्य सर्किट बोर्डावर) सोल्डर केलेली, म्हणजे कायमची जोडलेली, असते आणि वाढवता येत नाही. अशा वेळी ८ जीबीऐवजी १६ जीबीचे मॉडेल घेणे शहाणपणाचे. मोकळा स्लॉट असेल, तर मात्र स्वस्त मॉडेल घेऊन नंतर रॅम टाकता येते. आपली गरज ओळखण्यासाठी सध्याच्या विंडोज संगणकावर रोजची सगळी कामे एकाच वेळी उघडावीत, कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि त्यातला मेमरीचा आकडा पाहावा. ८ जीबीपैकी ७ जीबी नेहमीच व्यापलेली दिसत असेल, तर उत्तर तुमच्यासमोरच आहे. एसएसडी, म्हणजे फायली साठवणारी ड्राइव्ह, बहुतेक लॅपटॉपमध्ये बदलता येते, त्यामुळे तेवढ्यासाठी वरचे मॉडेल घेऊ नये.

स्क्रीनकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण दिवसभर आपण तिच्याकडेच पाहत असतो. २५० निट्स (स्क्रीनचा उजेड मोजण्याचे एकक) उजेडाची स्क्रीन खिडकीजवळ बसल्यावर फिकी पडते. ३०० ते ४०० निट्सची असल्यास डोळ्यांना बराच आराम मिळतो. छायाचित्रांचे किंवा छपाईचे काम करणाऱ्यांनी एसआरजीबी रंगपट्टा (स्क्रीनवरच्या रंगांचा एक प्रमाणित संच) जवळपास १०० टक्के आहे का, हेही पाहावे.

एवढे तपासून उरलेला फरक वापराच्या वर्षांनी भागावा. १५ हजार रुपये ५ वर्षांत विभागले, तर महिन्याला २५० रुपये पडतात; तेवढ्यात रोजचा त्रास वाचत असेल, तर महाग मॉडेल खुशाल घ्यावे. मात्र पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याकडून मॉडेलचा संपूर्ण क्रमांक लिहून घ्यावा, कारण एकाच नावाखाली वेगवेगळ्या स्क्रीनचे आणि वेगवेगळ्या रॅमचे लॅपटॉप विकले जातात.